गोठ्यातली बाज

सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवर १९९९ साली डाळिंबाची बाग पाहायला गेलो होतो. नोकरीला लागून थोडीच वर्षे झाली होती. बागेचा मालक कुठे दिसेना म्हणून विचारले, तर त्याच्या म्हातारीने गोठ्याकडे बोट केले. खिलार बैलांच्या पलीकडे, गव्हाणीला लागून बाज टाकलेली आणि तिच्यावर चाळिशीच्या आतला तो माणूस पडून. पूर्वी तो ट्रकवर जात असे. त्याची ताटली वेगळी, तांब्या वेगळा. तळपायांची आग होते म्हणून तो पाय ओल्या पोत्यावर ठेवून पडला होता. त्याच्या बायकोने चहा पुढे केला. "आत्ताच झाला," असे खोटे बोलून मी सायकलला टांग मारली. पुढे चार महिन्यांत तो गेला.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बी.एस्सी. झालेला माणूस एका कपाला भ्यायला, हे आज लिहितानाही लाज वाटते. एका ताटात जेवल्याने, एका न्हाणीत अंघोळ केल्याने, कपडे धुतल्याने, अंगाला हात लावल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. जखमेचे रक्त पुसताना हातमोजे घाला, तेवढे पुरे. मग माणूस गोठ्यात कशाला?

गोठा आमच्याच तालुक्यात होता असेही नाही. २००१ साली जवळच्या पंढरपुरात मंगलताई शहा यांना एड्सने आईवडील गेलेल्या दोन चिमुकल्या मुली अशाच गोठ्यात टाकलेल्या आढळल्या. नातलग ठेवून घेईनात. ताईंनी त्यांना घरी आणले, आणि त्यांतूनच त्यांनी व त्यांच्या कन्या डिंपल घाडगे यांनी 'पालवी' हे एचआयव्हीबाधित मुलांचे घर उभे केले. कधी पंढरीला गेलात तर विठ्ठलाच्या दर्शनाबरोबर तिकडेही पाऊल वळवा.

औषधाचे म्हणाल तर काळ पार बदलला आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटीच्या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली, आणि २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही निघाला की लगेच उपचार सुरू करतात. गोळी रोज, ठरल्या वेळी, जन्मभर घ्यायची. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. अर्ध्या मात्रेने फवारले की कीड कशी निर्ढावते, हे तुम्हाला मी सांगायला नको. विषाणूचेही तसेच आहे. ऊसतोडीला जाणार असाल तर आधी केंद्रावर सांगा, पुढच्या गोळ्यांची सोय विचारून घ्या.

पण गोळीने सगळेच दुखणे जात नाही. रोग मुळापासून काढता येत नसला तरी दुखणे हलके करता येते. याला डॉक्टर उपशामक सेवा म्हणतात. ती मरणाच्या दारातल्या माणसासाठीच असते असा गैरसमज आहे. खरे तर पहिल्या दिवसापासून तिची गरज असते. पायांची आग, झोप न लागणे, मन उदास होणे, हे डॉक्टरांना सांगा, अंगावर काढू नका. दुखणे फारच असह्य असेल तर मॉर्फीनसारखे औषध डॉक्टर देऊ शकतात, २०१४ साली त्याचा कायदाही सुटसुटीत झाला आहे. खोकला असेल तर थुंकी लगेच तपासा. एचआयव्ही सोबत बसून लागत नाही, पण क्षयरोग हवेतून पसरतो.

उरलेले काम घरच्या बायामाणसांचे आणि, स्पष्टच सांगतो, पुरुषांचेही. तोंड आले असेल तर तिखट बंद करून मऊ भात, ज्वारीची कोमट आंबील द्या. जुलाब होत असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्या, नाहीतर पाठीला जखमा होतात. आणि जवळ बसा. आपल्या मागे पोरांचे काय, सातबाऱ्यावर बायकोचे नाव लागेल का, ही काळजी त्याला दुखण्याहून जास्त पोखरते. तो शुद्धीत, धडधाकट असतानाच तलाठ्याकडे, वकिलाकडे जाऊन विचारून घ्या.

आता तर कायदाही आहे. एचआयव्हीचा कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाधिताला राहत्या घरातून किंवा घराच्या एखाद्या भागातूनही बाहेर काढता येत नाही. त्याच्या संमतीवाचून त्याचा आजार चारचौघांत सांगता येत नाही. शंका असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक फिरवा.

त्या माणसाच्या बायकोचीही तपासणी तशीच निघाली होती. गोळ्या सुरू झाल्या, ती उठून कामाला लागली, बाग तिनेच राखली. मागच्या पावसाळ्यात तेल्या आला म्हणून तिने मला बोलावले. फांद्या पाहून झाल्यावर चहा आला. मी दोन कप प्यालो. तिने गोठ्याकडे पाहिले नाही, मीही पाहिले नाही. नऊ वाजता तिच्या मोबाइलची घंटी वाजली तशी ती गोळी घ्यायला आत गेली.