आपले घर

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा कधीही विसरणार नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन लोक उशिरा निजले होते. चार वाजण्यास काही मिनिटे उरली असता लातूर जिल्ह्यातील किल्लारी व तिच्या आसपासची भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे क्षणार्धात कोसळली. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्यांत कित्येक मुले अशी होती, की त्यांना मायेने हाक मारणारे घरात कोणी उरले नव्हते.

संकटाची वार्ता कळताच सर्व बाजूंनी अन्न, वस्त्रे व औषधे आली. परंतु मुलांचा प्रश्न एवढ्याने सुटणारा नव्हता. धान्याचे पोते महिनाभर पुरते. मूल वाढवायला मात्र वर्षानुवर्षे लागतात. हे ओळखून शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले पुण्यास नेली व त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी पत्करली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्ग येथे निराधार मुलांसाठी संस्था उभारली. तिचे नाव ठेवले 'आपलं घर'. मुलाला सर्वांत अधिक काय हवे असते, ते या दोन शब्दांत आले आहे.

भूकंप रोज होत नाही. तथापि मुले निराधार होण्याची कारणे अनेक आहेत. रोग, अपघात, दारिद्र्य यांमुळे मुलांचे छत्र हरपते. काही मुले गर्दीत हरवतात, तर काहींना जन्मतःच टाकून दिले जाते. नांदेडच्या रेल्वे स्थानकावर किंवा माळेगावच्या यात्रेत एखादे मूल एकटे आढळले, तर कोणीही १०९८ या क्रमांकावर कळवावे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्या मुलाला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे नेले पाहिजे, असा कायदा आहे. या समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात.

समितीचे पहिले काम म्हणजे मुलाच्या आईवडिलांचा शोध घेणे. मूल स्वतःच्या घरी परत जावे, याहून चांगले ते काय? पुष्कळ शोधूनही कोणी न सापडले, तर दोन वर्षांपर्यंतच्या बालकाविषयी दोन महिन्यांत व त्याहून मोठ्या मुलाविषयी चार महिन्यांत, ते दत्तक देण्यास मोकळे आहे, असे समिती जाहीर करते. मग योग्य आईवडिलांची निवड होते आणि शेवटी जिल्हाधिकारी दत्तकाचा आदेश देतात. त्या दिवसापासून ते मूल त्या घरचेच होते.

हा आदेश होईपर्यंतचा काळ मात्र कठीण असतो. तान्ही बालके शिशुगृहात व मोठी मुले बालगृहात राहतात. काही मुलांना प्रतिपालक कुटुंबे ठरावीक काळापुरती आपल्या घरी सांभाळतात. दत्तक घेणाऱ्या बहुतेक दांपत्यांना लहान बाळ हवे असते. त्यामुळे वयाने मोठ्या, अपंग, किंवा एकमेकांना सोडून न जाणाऱ्या भावंडांना फार दिवस थांबावे लागते. कित्येकांची वाट पाहण्यातच शाळा संपते.

काही मुलांना आजी, मामा किंवा काका सांभाळण्यास तयार असतात. परंतु घरची गरिबी आड येते. अशांसाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले व मुलामागे दरमहा २२५० रुपये देण्याचे ठरले. हे नाव सर्वस्वी योग्य आहे. जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात असहाय विधवा व त्यांची बालके यांच्यासाठी आश्रयगृह उघडले. तेथे जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी पुढे दत्तक घेतले. तो यशवंत मोठेपणी डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने आपल्या आईसह रोग्यांची सेवा केली.

शासन, संस्था व दाते यांच्या साहाय्याने मुलाला अन्न, पुस्तके व औषध मिळते. हे साहाय्य करण्याचीही एक रीत आहे. सणाच्या दिवशी मिठाई वाटून मुलांची छायाचित्रे काढण्यापेक्षा वर्षभर एखाद्याच्या वह्यांचा खर्च गुपचूप उचलणे अधिक चांगले. अशा मुलाचे नाव व छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कायद्यानेही मनाई आहे. दानाने मुलाची मान खाली जाऊ नये, हा त्यातील हेतू.

मोठ्यांनी द्रव्य द्यावे, संस्थांनी आसरा द्यावा. पण शाळासोबत्यांजवळही देण्याजोगे काही असते. बालगृहातून आलेल्या मुलाला 'तुझे आईवडील कोठे आहेत?' असे पुनःपुन्हा न विचारता त्याला खेळात घ्यावे, डबा खाताना जवळ बसवावे. त्याला स्वतःचे घर मिळेल तेव्हा मिळेल. तोपर्यंत निदान वर्गात तरी त्याला परके वाटू नये.