माणसाचे औषध, मांजराचे विष

ताप आला की डॉक्टर आपल्याला पॅरासिटामॉलची गोळी देतात. थोड्या वेळाने ताप उतरतो. पण नंतर ते औषध जाते कोठे, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का?

औषध हा शरीराला परका पदार्थ असतो. काम झाले की त्याला बाहेर घालवावे लागते. ही जबाबदारी मुख्यतः यकृतावर असते. पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतो. जो सहज विरघळत नाही, त्यात यकृत आधी बदल घडवून आणते.

हा बदल कसा होईल, ते रेणूच्या रचनेवर अवलंबून असते. पॅरासिटामॉलच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे एक कडे असते. त्या कड्याला ऑक्सिजन व हायड्रोजन यांची जोडी लागलेली असते. ही जोडी म्हणजे जणू भिंतीवरची खुंटीच! खुंटीला पिशवी अडकवावी, तसे यकृत तेथे ग्लुक्युरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडते. मग तो रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीतून निघून जातो.

हे आम्ल जोडायला एक विशिष्ट विकर लागते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. माणसात ते असते. मांजरात मात्र ते तयारच होत नाही. नवल असे, की बिलिरुबिन नावाच्या पिवळ्या पदार्थाला मांजराचे यकृत हेच आम्ल जोडू शकते. कारण त्याची रचना वेगळी आणि त्यासाठी लागणारे विकरही वेगळे!

मग मांजराने ही गोळी खाल्ली तर? केवळ सल्फेट पुरे पडत नाही. उरलेले औषध दुसऱ्या वाटेने बदलते आणि त्यातून विषारी पदार्थ तयार होतात. रक्त तपकिरी पडते व प्राणवायू नीट वाहून नेत नाही. मांजराचे तोंड सुजते, ते धापा टाकू लागते. 500 मिलिग्रॅमची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. माणसानेदेखील प्रमाणाबाहेर गोळ्या घेतल्या, तर अशाच विषारी पदार्थामुळे यकृताला इजा होते.

म्हणून घरचे मांजर आजारी पडले, तर कळवळ्याने आपली गोळी त्याला देऊ नका. त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. मुक्या जिवावर माया जरूर करा. पण त्या मायेला ज्ञानाची जोड द्या.

शब्दार्थ
परका – बाहेरचा
नवल – आश्चर्य
धापा टाकणे – जोरजोराने श्वास घेणे
कळवळा – दया

स्वाध्याय
1. पॅरासिटामॉलच्या रेणूतील कोणत्या जोडीला खुंटी म्हटले आहे? का?
2. माणसाची गोळी मांजराला का देऊ नये?