इसबाचे अठ्ठेचाळीस तास

अ‍ॅटोपिक इसब असलेल्या मुलाच्या आईला एक कोडे कायम छळते. चट्टे आज लाल झाले, पण कातडीला लागले काय, आणि कधी? काल? परवा? या उशिराचा उलगडा व्हायला साठ-पासष्ट वर्षे लागली.

1921 साली ब्रेस्लाऊमध्ये कार्ल प्राउसनिट्झने आपला सहकारी हाइन्झ क्युस्टनर याचे सीरम स्वतःच्या कातडीत टोचून घेतले. क्युस्टनरला मासे सोसत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर काही मिनिटांत गांधी उठली. ॲलर्जी सीरममधून दुसऱ्याला देता येते, याचा तो लखलखीत पुरावा होता. नजर रक्तावर खिळली ती तेव्हापासून. इसबाच्या रोग्यांचे त्यात नुकसान झाले असे मला वाटते. त्यांचा चट्टा गांधीसारखा तासाभरात विरत नाही. तो सावकाश येतो, लसतो, चिवटपणे राहतो.

रक्तापलीकडे बोट दाखवले ते रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनरनेच. 1942 मध्ये न्यूयॉर्कला त्याने आणि मेरिल चेसने, एका रसायनाची ॲलर्जी जडवलेल्या गिनीपिगच्या पोटातल्या पांढऱ्या पेशी निरोगी गिनीपिगला टोचल्या. सीरमने जे साधत नव्हते ते साधले: उशिरा उठणारी सूज दुसऱ्या प्राण्यात उतरली. या कामातल्या मुख्य पेशींना टी-पेशी हे नाव फार नंतर मिळाले.

इसबापर्यंत हा धागा पोचला 1982 साली. रोग्यांच्या किंचित खरवडलेल्या कातडीवर घरातल्या धुळीतल्या माइटचा अर्क पट्टीखाली ठेवला गेला. 48 तासांनी तिथे इसब उमटला आणि त्यात इओसिनोफिल, बेसोफिल या पांढऱ्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. रोग डोळ्यांसमोर घडताना पाहता आला.

मग 1986 मध्ये उट्रेख्टच्या कार्ला ब्रुइन्झील-कूमेन आणि सहकाऱ्यांना रोग्यांच्या कातडीतल्या लँगरहान्स पेशींवर आयजीई हे प्रतिपिंड बसलेले आढळले. प्राउसनिट्झने सीरममधून उतरवले होते ते हेच प्रतिपिंड. ते धुळीतले प्रथिन पकडते, लँगरहान्स पेशी ते टी-पेशींना दाखवते, आणि त्या जमा होईतो दिवस-दोन दिवस जातात. पाउल लँगरहान्सने या पेशी 1868 मध्येच, विद्यार्थी असताना, बर्लिनला पाहिल्या होत्या. त्याला त्या मज्जापेशी वाटल्या.

पण धुळीतले प्रथिन कातडीत शिरते कसे? 2006 मध्ये डंडीच्या संशोधकांनी फिलॅग्रिन या कातडीतल्या प्रथिनाच्या जनुकातले दोष दाखवले: अनेक रोग्यांत कातडीची भिंतच मुळात विरळ. 2017 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले डुपिलुमॅब हे इसबावरचे औषध थेट आयजीईला हात लावत नाही. ते टी-पेशींचे दोन निरोप, आयएल-4 आणि आयएल-13, पोचूच देत नाही.