मार्गारेट : एका मोत्याचे नाव

हैदराबादेत वाढलेल्या आमच्या पिढीला ‘खमीरा मरवारीद’ हे औषध परके नाही. घरात कोणाच्या छातीत धडधडू लागले किंवा तापातून उठल्यावर अशक्तपणा राहिला, की युनानी हकीम हे चाटण देत. मरवारीद म्हणजे मोती, आणि मोती घोटून त्यात घातलेले असत, एवढे आम्हा मुलांनाही ठाऊक होते. परंतु या फारसी शब्दाचेच एक भावंड पश्चिमेकडे जाऊन तेथे मुलींचे नाव होऊन बसले आहे, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. ते नाव म्हणजे मार्गारेट.

या नावाच्या शोधास आम्ही लागलो त्याचे निमित्त घरचेच आहे. या स्मरणिकेसाठी जुन्या देणगीदारांची यादी करावयास बसलो, तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ सभासद आजींनी निरोप धाडला, “माझे सासरचे नाव तर छापालच, पण माहेरचे मंजिरी हे नावही त्याच्या शेजारी घाला. साठ वर्षांत मला त्या नावाने कोणी हाक मारली नाही.” नाव म्हणजे काय, ते किती बदलले तरी तेच राहते, असा विचार त्यामुळे मनात घोळू लागला, आणि युरोपातील एवढ्या नावांत मार्गारेटवरच आम्ही का थांबलो, ते पुढे येईलच.

ग्रीक भाषेत मोत्याला ‘मार्गारितेस’ म्हणत. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात जन्मलेल्या थिओफ्रास्टसच्या लेखनात हा शब्द सापडतो. ग्रीकांजवळ तो पूर्वेकडून आला याविषयी वाद नाही. इराणी भाषांतून आला असावा, याकडे बहुतेक पंडितांचा कल आहे. मात्र इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आरियन याने हिंदुस्थानविषयीच्या आपल्या ग्रंथात, मेगॅस्थेनीसच्या वृत्तांताच्या आधारे लिहिताना, समुद्रातील मोत्याला हिंदी लोकांच्या भाषेत हेच नाव आहे असे स्पष्ट म्हटले आहे. त्यावरून काही जुन्या विद्वानांनी आपल्या ‘मंजरी’ शब्दाशी त्याचे नाते जोडले. संस्कृत कोशांत ‘मंजर’ या शब्दाचे मोहोर आणि मोती असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत, हेही खरे. हे नाते सिद्ध झाले आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण ते आजींना सांगण्याचा मोह आम्हांस आवरला नाही.

लॅटिनमध्ये या शब्दाचे ‘मार्गारिता’ झाले आणि ख्रिस्ती धर्माबरोबर ते व्यक्तिनाम म्हणून सर्वत्र पसरले. अंतिओकची संत मार्गारेट हिची कथा त्याला कारण झाली. एका अजगरासारख्या राक्षसाने तिला गिळले, पण हातातील क्रुसाच्या बळावर ती त्याचे पोट फाडून सुखरूप बाहेर आली, असे ती कथा सांगते. पोटातून सुखरूप बाहेर आली म्हणून बाळंतिणी तिचा धावा करू लागल्या. आपल्याकडे सटवीची पूजा होते, तसाच हा बायकांच्या काळजीतून वाढलेला भाव म्हणावयाचा. ऐतिहासिक पुराव्याअभावी 1969 साली रोमन चर्चने सार्वत्रिक पंचांगातून तिचा दिवस काढला. ग्रीक चर्चमध्ये हीच संत ‘मरीना’ म्हणजे समुद्राची, या नावाने ओळखली जाते. मोती समुद्रातलाच, तेव्हा हा बदल काही फार दूरचा नव्हे!

पुढे प्रत्येक देशाने हे नाव आपल्या जिभेला सोसेल तसे घडविले. इटलीत मार्गेरिता, पोर्तुगालात मार्गारिदा, डेन्मार्कमध्ये मार्ग्रेते, चेक लोकांत मार्केता, हंगेरीत मार्गित. पोलंडातले ‘माउगोझाता’ हे रूप ऐकून तर कोणी ओळखणारही नाही. मूळ नावात ‘र’ दोनदा येतो. असे दोन सारखे वर्ण जवळजवळ आले म्हणजे जीभ त्यांतला एक बदलून टाकते; पोलिश लोकांनी पहिल्या ‘र’चा ‘ल’ केला, तो पुढे ‘व’सारखा उच्चारला जाऊ लागला, आणि दुसरा ‘र’ घासून ‘झ’ झाला. म्हणजे ज्याला आपण नाव ‘बिघडणे’ म्हणतो त्यालाही नियम असतो. जर्मनांनी तर नावाचे डोकेच छाटून ग्रेटे, ग्रेटेल, ग्रेट्शेन अशी लाडकी रूपे केली. गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातील अभागी ग्रेट्शेन ही मार्गारेटच होय.

इंग्रजांचा लाड सर्वांत विचित्र. मार्गारेटची मॅगी आणि मेग झाली हे समजते, पण ‘पेगी’ कोठून आली? लाडक्या नावाचे पहिले अक्षर बदलून यमक जुळविण्याची त्यांची जुनी खोड आहे. रॉबची जशी बॉब झाली, विलची बिल, मॉलीची पॉली, तशीच मेगची पेग. आणि ‘डेझी’? फ्रेंच भाषेत ‘मार्गरीत’ हे एका पांढऱ्या रानफुलाचेही नाव आहे. इंग्रजीत त्या जातीच्या फुलाला डेझी म्हणतात, म्हणून मार्गारेटला घरात डेझी म्हणू लागले. डेन्मार्कची राणी दुसरी मार्ग्रेते (तिने 1972 ते 2024 पर्यंत राज्य केले) हिला आप्तांत डेझीच म्हणतात. मोत्याचे असे फूल झाले.

मोत्याचे लोणीही झाले. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाला 1813 साली चरबीतून मोत्यासारखी चकाकणारी एक वस्तू मिळाली. तिला त्याने या ग्रीक शब्दावरून नाव दिले. 1869 साली लोण्याऐवजी वापरावयाचा जो पदार्थ तयार झाला, त्याचे ‘मार्गारीन’ हे नाव तेथूनच आले. मात्र कडुलिंबाला जे ‘मार्गोसा’ म्हणतात त्याचा येथे काही संबंध नाही. तो शब्द पोर्तुगीजांच्या ‘आमार्गोसा’चा, म्हणजे ‘कडू’चा, अपभ्रंश आहे. नावे सारखी दिसली की नाते जोडावयाची घाई करू नये, मंजरीच्या बाबतीतही नाही, हे आम्ही स्वतःलाच बजावतो.

आपल्या देशात मात्र ज्या मार्गारेटला सारे ओळखतात तिला मार्गारेट म्हणून कोणी ओळखत नाही. मार्गारेट एलिझाबेथ नोबल 1867 साली आयर्लंडमध्ये जन्मली, 1898 च्या जानेवारीत कलकत्त्यास आली, आणि त्याच वर्षी 25 मार्च रोजी स्वामी विवेकानंदांनी दीक्षा देऊन तिचे नाव ‘निवेदिता’ ठेवले. ते नाव तिने आयुष्यभर अभिमानाने मिरविले. तरी त्यानंतरच्या काही पत्रांतही स्वामीजींनी तिला ‘मार्गो’ या जुन्या लाडक्या नावानेच हाक मारलेली आहे. नवे नाव देणाऱ्यानेच जुने विसरू नये, यात आम्हांस मोठा जिव्हाळा वाटतो.

आमच्या घरांत असे घडत नाही. लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाते, पेढे वाटले जातात, आणि मुलीचे जुने नाव त्या दिवसापासून माहेरच्या चार माणसांपुरते उरते. ती माणसे गेली की तेही गेले. संस्थेच्या जुन्या वर्गणीपुस्तकांत पाने उलटली तर ‘सौ. अमुक’ एवढेच आढळते. कित्येक ठिकाणी तर तेही नाही, केवळ ‘यांचे कुटुंब’. ज्यांनी भिशीतून वाचवून, सणाची चोळी टाळून या संस्थेला रुपया-दोन रुपये दिले, त्यांना त्यांच्या आईबापांनी काय म्हणून हाक मारली, हे आज शोधून सापडत नाही. मार्गारेटची पेगी झाली, माउगोझाता झाली, तरी धागा हाती लागतो. आमच्याकडे तो मध्येच तोडलेला असतो. नवे नाव घेणारीने ते आनंदाने घ्यावे. आमची तक्रार केवळ जुने पुसून टाकण्याविषयी आहे.

यंदाच्या यादीत ज्या ज्या भगिनींनी कळविले त्यांची दोन्ही नावे छापली आहेत. आजींचे नाव तिसऱ्या पानावर आहे. मुद्रिते तपासताना त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले आणि ‘मंजिरी’तील पहिली वेलांटी ऱ्हस्व हवी, एवढी एकच दुरुस्ती सांगितली.