ठसा चोरीला गेला तर?

पासबुक हरवले तर नवे मिळते, पासवर्ड फुटला तर बदलता येतो. पण बोटाचा ठसा चोरीला गेला तर? बोट काही बदलून मिळत नाही! आधारवर चालणाऱ्या बँक-व्यवहारात हा प्रश्न खरोखरच उभा राहिला आहे. तेथे आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि ठसा एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी लागत नाही.

यंत्र फसते कसे? अनेक यंत्रांत काचेच्या लोलकावर बोट टेकवतात. आतून येणाऱ्या प्रकाशाचे काच आणि हवा यांच्या सीमेवर पूर्ण आंतरिक परावर्तन होते. बोटावरील उंचवटे काचेला चिकटतात, तेथे ते होत नाही. म्हणून उंचवटे काळे, तर खोबणी उजळ दिसतात. रेषा कोठे संपते, कोठे दुभंगते, हे यंत्र ताडून पाहते. आता कागदावरच्या ठशावरून सिलिकॉनचे बोट घडवले, तर तेही तसेच चित्र उमटवणार! म्हणूनच २०२३ मध्ये यूआयडीएआयने बोट जिवंत आहे का, हे पाहणारी तपासणी आणली.

समजा, तुमच्या आजीच्या खात्यातून असे पैसे गेले. मग काय कराल?

प्रथम १९३० या क्रमांकावर फोन करा. चोरीचा पैसा खात्याखात्यांतून पळतो. तो वाटेतच गोठवायला हवा. नंतर बँकेला लेखी कळवून पोच घ्या. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसेल आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकाला तोशीस नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवून दिले. तिसरे, आधारचे बायोमेट्रिक 'लॉक' करा. ठसा तोच राहतो, पण कुलूप असेपर्यंत तो चालत नाही. चौथे, पोलिसांत तक्रार नोंदवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमाखाली अशा चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शेवटी, आजीच्या नावावर कोणी सिमकार्ड घेतले आहे का, हे 'संचार साथी'वर पाहा. कर्ज काढले आहे का, हे पतअहवालात तपासा.

कुलूप चोरीपूर्वीही लावता येते. आजच घरी विचारा, ते लावले आहे का?

आणि वर्गात शाईने ठसा उमटवून भिंगाखाली रेषांचे फाटे जरूर मोजा. मोजून झाल्यावर तो कागद मात्र फाडून टाका!