दातावरची टोपी घट्ट कशी बसते?

विद्यार्थी मित्रांनो, सायकलचे पंक्चर काढताना तुम्ही पाहिले असेल. कारागीर ट्यूबवर एकदम ठिगळ चिकटवत नाही. आधी तो जागा पुसतो, घासून खरबरीत करतो आणि मग सोल्यूशन लावतो. घाईने लावलेले ठिगळ लवकरच सुटते. हाच नियम दातांच्या दवाखान्यातही लागू पडतो.

किडलेला दात डॉक्टर कोरून साफ करतात व त्यात मसाला भरतात. दात फारच झिजला असेल, तर त्यावर टोपी बसवतात. ही टोपी नीट चिकटली नाही, तर बारीक फट राहते. फटीत जंतू शिरतात आणि आतला दात पुन्हा किडू लागतो. शिवाय तोंडात नेहमी ओलावा असतो आणि प्रत्येक घासाबरोबर दातावर दाब पडतो. म्हणून हे काम अवघड आहे.

१९५५ साली अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर या दंतवैद्यांनी एक उपाय सांगितला. रंग धातूला घट्ट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फरिक आम्ल वापरत. तेच आम्ल त्यांनी दाताच्या बाहेरच्या आवरणावर ३० सेकंद लावले. आवरणावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडले. पातळ मसाला त्यांत शिरून कठीण झाला आणि दाताला धरून राहिला.

आज पुष्कळ टोप्या झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्या, कठीण पदार्थाच्या असतात. त्यावर आम्लाचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून बारीक कणांचा मारा करून तो खरबरीत करतात. प्लाझ्मा हा दुसरा मार्ग असून त्यावर संशोधन चालू आहे.

प्लाझ्मा म्हणजे काय? घन, द्रव आणि वायू या तीन अवस्था तुम्हांला ठाऊक आहेत. वायूला पुरेशी ऊर्जा दिली, की त्याच्या काही अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा वायूला १९२८ साली आयर्विंग लँगम्यूर या शास्त्रज्ञांनी 'प्लाझ्मा' हे नाव दिले. सूर्य प्लाझ्माचाच बनलेला आहे. पण दातांच्या कामासाठी 'थंड प्लाझ्मा' वापरतात. त्यातील वायू फारसा तापत नाही.

आता एक प्रयोग करा. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा गोल राहतो आणि घरंगळतो. म्हणूनच न टिकणाऱ्या गोष्टीला 'अळवावरचे पाणी' म्हणतात. स्वच्छ धुतलेल्या काचेवर मात्र थेंब पसरतो. टोपीच्या आतील बाजूस मळाचा अदृश्य थर असेल, तर चिकटवण्याचा द्रवही नीट पसरत नाही. प्लाझ्मा हा थर काढून टाकतो आणि पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार करतो. मग द्रव सगळीकडे पसरतो व चांगला धरतो.

मात्र हा परिणाम कायम राहत नाही. हवेतील मळ हळूहळू पुन्हा बसतो. म्हणून प्लाझ्मानंतर टोपी लवकर चिकटवावी लागते. मित्रांनो, ठिगळ असो की टोपी, आधी जागा तयार करावी आणि मगच चिकटवावे!