आरटीओचा फोटो

"हे काय, आरटीओत लावायला काढलेत का?"

नाशिकच्या रॅलीत मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो, त्या रात्री लॉजवर माझे दीडेकशे फोटो भराभर पुढे सरकवत काका एवढंच म्हणाले. काका म्हणजे आमच्या लाइनीतले जुने फोटोग्राफर. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही. माझ्या मते फोटो झकास होते. स्टिकरवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. गडबड एवढीच, की मुरमाच्या वळणावरून बेफाम आलेली जिप्सी माझ्या फोटोत हँडब्रेक ओढून उभी होती.

दोष शटरचा. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. मी शटर ठेवलं होतं १/२००० वर. तेवढ्यात गाडी सरकते जेमतेम सव्वा सेंटिमीटर. चाकंही थिजतात. दुसऱ्या दिवशी काकांनी १/६० लावायला सांगितलं. आता गाडी ४२ सेंटिमीटर जाणार, म्हणजे कॅमेराही तिच्याबरोबर फिरला पाहिजे. पाय रोवलेले, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, फिरायची ती फक्त कंबर. गाडी समोर येण्याआधीच फिरायला लागायचं आणि बटण दाबल्यावर थांबायचं नाही. मी नेमका थांबायचो. चाळीसात एक फोटो धड आला.

त्यातही घात झाला. भर दुपारी १/६० म्हटलं की आयएसओ १०० वरसुद्धा अ‍ॅपर्चर एफ २२ पर्यंत आवळावं लागतं, आणि इतक्या बारीक भोकातून सेन्सरवरचा कण न् कण फोटोत उमटतो. मी तर फुफाट्यात उभं राहून लेन्स बदलली होती. रात्री पेपरच्या डेस्कवरून फोन: "वर आकाशात पक्षी आहेत का रे?" तेव्हापासून लेन्स बदलायची ती गाडीत, काचा वर करून. आणि लेन्सवर काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर. तीन स्टॉपचा लावला की एफ २२ चं काम एफ ८ वर होतं.

फुफाट्याची दुसरी खोड मीटरला कळत नाही. समोरून ऊन असलं की धुळीचा लोट ट्यूबलाइटसारखा पेटतो. कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फार झाला. तो एक्स्पोजर खाली ओढतो आणि गाडी कोळशासारखी काळी. काका सकाळीच वळणावर जाऊन उन्हातल्या मुरमावर मीटर धरायचे, आकडे मॅन्युअलवर पक्के करायचे आणि मग बिडी पेटवायचे. गाडी यायला अजून तासभर असायचा, त्यांचा फोटो मात्र काढून झालेला असायचा. मागे काय दिसणार, पाण्याचा टँकर की डोंगर, हेही तेव्हाच ठरलेलं. ढग आला तरच बोटं हलायची. ऑटो मोडवाल्यांना ते 'नशीबवाले' म्हणत.

बिडी ओढताना एकदा त्यांनी झाक-आंरी लार्तिगचा किस्सा सांगितला. या फ्रेंच पोरानं शर्यतीच्या गाडीमागे कॅमेरा फिरवला, पण गाडी त्याच्याहून जोरात. शटरची फट काचेच्या प्लेटवरून सरकेपर्यंत गाडी पुढे निघाली. चाक अंडाकृती होऊन पुढे झुकलं, कडेची माणसं मागे कलली, गाडीचं नाक तर फ्रेमबाहेरच गेलं. फोटो बिघडला म्हणून त्यानं तो बाजूला टाकला. सालही त्यानं लिहिलं १९१२. अभ्यासक १९१३ म्हणतात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९६३ मध्ये त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. वेगाचा फोटो म्हटलं की आज पहिल्यांदा तो बिघडलेला फोटोच आठवतो. गंमत म्हणजे, आजच्या बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, की कडेचे खांब तसेच तिरके होतात. सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो ना! माझे झाले, तेव्हा कोणी कलाकृती म्हटलं नाही.

फ्रेमिंग मी शिकलो बालेवाडीला, २०२४ च्या जानेवारीत सुपरक्रॉस झाला तेव्हा. हवेत उडालेली बाईक १/१००० वर थिजवली तरी चालते, कारण ती हवेत आहे हेच तिचं सांगणं. म्हणून मी ७०-२०० लेन्स पूर्ण खेचून बाईक अन् स्वारच भरले. स्वाराचं हेल्मेट टिपटॉप फोकसमध्ये, मागे नुसतं आकाश. काकांनी मोबाइल लांब धरून पाहिलं. "दोऱ्यानं टांगलीय का? अरे, जमीन दाखव." पुढच्या उडीला मागे सरकलो. खाली मातीचा उतार आला, माना वर केलेली माणसं आली. बाईक लहान झाली, पण केवढी उंच!

गाडीच्या पुढे जागा सोड, हाही काकांचाच हट्ट. तिला जायला वाट दिसली पाहिजे. लार्तिगला माफ, आपल्याला नाही.

नाशिकच्या पुढच्या रॅलीत मी ती जागा सोडली. १/८०, मुरमावर मोजलेलं एक्स्पोजर, गाडीच्या नाकापुढे फ्रेमचा एक तृतीयांश भाग मोकळा. काकांनी फोटो दोनदा मोठा करून पाहिला आणि काहीच बोलले नाहीत, म्हणजे पास. सोमवारी पेपरात आला. मोकळ्या जागेत बोअरवेलची जाहिरात होती आणि गाडीचं नाक तिच्या चौकटीला टेकलं होतं.